कव्हरची मागची बाजू

रेकॉर्डच्या दुकानांच्या आठवणी निघाल्या की बोलणं हमखास जुन्या पुठ्ठ्याच्या वासावर, खोक्यातली कव्हरं एकामागून एक पुढे ढकलतानाच्या टपटप आवाजावर आणि काउंटरमागच्या त्या तुसड्या, सर्वज्ञ माणसावर जातं. त्यात खोटं काही नाही. पण दुकानं बंद पडत गेली तेव्हा ऐकणाऱ्याच्या हातून नेमकं काय गेलं, याचा हिशोब मांडायचा तर वास आणि आवाज जरा बाजूला ठेवावे लागतील. गेली ती कव्हरची मागची बाजू. शब्द कुणाचे, चाल कुणाची, ड्रमवर कोण, व्हायोलिनचा ताफा कुणी बसवला, मुद्रण कुठल्या स्टुडिओत झालं आणि ते कुणी केलं, हे सगळं तिथे बारीक टायपात छापलेलं असे. स्ट्रीमिंगने कोट्यवधी गाणी खिशात आणून दिली आणि त्यांच्याखालचा हा मजकूर वाटेत कुठेतरी सांडला. तो परत लावणं कायद्याने बंधनकारक करावं. कंपन्यांच्या मर्जीवर ते सोडून बघितलं, पुरे झालं.

या मागणीला सगळ्यात आधी नाक मुरडतात ते स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्यांचे चाहते. लिहिणारा तोच, चाल लावणारा तोच, गाणाराही तोच, मग आणखी कुणाचं नाव हवंय? या मंडळींनी कॅरोल किंगचा १९७१चा ‘टॅपेस्ट्री’ काढून बघावा. एकटी बाई, पियानो आणि मनातलं बोलणं, असं या प्रकारच्या गाण्याचं जे चित्र आपल्या डोक्यात आहे ते बऱ्याच अंशी याच अल्बमने तयार केलं. त्यातलं सर्वांत गाजलेलं गाणं ‘इट्स टू लेट’. त्याचे शब्द कॅरोल किंगचे नाहीत, टोनी स्टर्नचे आहेत. त्याच अल्बममधलं आणखी एक गाणं तिने गेरी गॉफिनबरोबर केलेलं आणि शिरेल्स या गटाने १९६० मध्येच गाजवलेलं. तबकडीच्या लेबलवर गाण्याच्या नावाखाली कंसात हे स्पष्ट छापलेलं असतं. फोनवर मात्र गाण्याच्या नावाखाली एकच नाव दिसतं, गाणाऱ्याचं. आपल्या आवडत्या गायिकेने आपल्याच मनातलं लिहिलंय असं मानून वर्षानुवर्षं ऐकणाऱ्याला ज्या ओळी भिडल्या, त्या दुसऱ्याच बाईने लिहिल्या होत्या. हे कळल्याने गाण्याची गोडी कमी होत नाही. पण टोनी स्टर्नचं नाव कळलं पाहिजे.

त्याच वर्षीचे आणखी दोन अल्बम शेजारी ठेवू. जोनी मिचेलचा ‘ब्लू’ आणि जेम्स टेलरचा ‘मड स्लाइड स्लिम’. दुकानात ते तिघे अक्षरांच्या क्रमाने तीन वेगळ्या खोक्यांत. कव्हरं उलटली की तिन्ही एका घरातली निघतात. ‘टॅपेस्ट्री’वर गिटार वाजवतोय जेम्स टेलर. त्याच्या आणि जोनी मिचेलच्या पाठीमागच्या गाण्याला तर कव्हरवर ‘मिचेल-टेलर बॉय अँड गर्ल क्वायर’ असं गमतीचं नावही दिलंय. ‘ब्लू’वर पुन्हा टेलरची गिटार. ‘मड स्लाइड स्लिम’वर पियानोला कॅरोल किंग आणि साथीच्या आवाजात जोनी मिचेल. तिन्हींवर ड्रम वाजवणारा एकच, रस कंकल. ‘टॅपेस्ट्री’ आणि ‘ब्लू’ तर हॉलिवूडच्या एकाच ए अँड एम स्टुडिओत मुद्रित झालेले. आता या कंकलचं बोट धरून पुढे गेलं की १९७२ मध्ये जॅक्सन ब्राउनचा पहिला अल्बम लागतो. तिथेही तोच ड्रमवर आणि ‘मड स्लाइड स्लिम’वाला लीलंड स्क्लार बासवर.

रेकॉर्डच्या दुकानात रसिक घडत असे तो या वाटेने. ‘हे आवडलं असेल तर तेही आवडेल’ असं सांगणारी यंत्रं आज फोनमध्येही आहेत, पण ती सांगतात ते ऐकणाऱ्यांच्या सवयींवरून. तुमच्यासारख्या इतरांनी पुढे काय ऐकलं, एवढंच त्यांना ठाऊक. एका ड्रमरचा हात चार वेगळ्या माणसांच्या गाण्याखाली कसा वाजतो, ही ओळख त्यातून होत नाही. निक ड्रेकचंच घ्या. त्याचे तीन अल्बम, १९६९ ते १९७२. त्याच्या हयातीत फारसे खपलेच नाहीत. पहिल्याची मागची बाजू वाचली की निर्माता जो बॉइड, तंतुवाद्यांची रचना रॉबर्ट कर्बीची, ध्वनिमुद्रक जॉन वुड ही नावं सापडतात. बॉइड आणि कर्बी ही दोन नावं पुन्हा भेटतात वाष्टी बनियनच्या १९७०च्या अल्बमवर. तोही तेव्हा कुणी विचारला नव्हता आणि २००० मध्ये पुन्हा निघाल्यावर लोकांनी डोक्यावर घेतला. ज्याने निक ड्रेकच्या कव्हरवरची नावं वाचली होती, त्याला बनियनचा पत्ता लागायला पुनर्मुद्रणाची वाट बघायची गरज नव्हती.

आता हा मजकूर सांडतो कुठे, ते बघू. आज गाणं बाजारात जातं ते वितरकाच्या, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्मवरून. फॉर्ममध्ये गाण्याचं नाव, कलाकार, गीतकार, संगीतकार, प्रकाशक असे रकाने असतात. मुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. हा क्रमांक त्या एका मुद्रणाचा. तेच गाणं मैफलीत गायलं, नुसत्या गिटारवर पुन्हा केलं, की प्रत्येक वेळी नवा. मूळ रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा, क्रमांक वेगळा. तो आयएसडब्ल्यूसी, टी हे अक्षर आणि पुढे दहा अंक. हा दुसरा क्रमांक गीतकारांच्या हक्कसंस्थेत रचनेची नोंद झाल्यावर मिळतो, आणि गाणं अपलोड होतं त्या दिवशी ती नोंद बहुतेकदा झालेलीच नसते. म्हणजे मुद्रण जगभर वाजायला लागलं, पण ते कुठल्या रचनेचं आहे हे सांगणारा धागा जोडलेलाच नाही. तो नंतर कुणीतरी जोडायचा, आणि ते ‘कुणीतरी’ पगारी नसतं.

बाकीच्या चुका अगदी क्षुल्लक दिसतात. गीतकाराने एकदा टोपणनाव लिहिलं, एकदा खरं. सहलेखकाच्या नावाचं स्पेलिंग दोन अल्बमांवर दोन तऱ्हेचं. दुसऱ्याचं गाणं गाणाऱ्याने घाईत संगीतकाराच्या रकान्यात स्वतःचंच नाव टाकलं. पाहुण्या गायकाचं नाव कलाकाराच्या रकान्यात न घालता गाण्याच्या शीर्षकातच कोंबलं. एकाच शीर्षकाची शेकडो गाणी असतात, त्यामुळे शीर्षकावरून जोडी लावायला गेलं की यंत्र चुकीच्या माणसाला धरतं.

यातून होतं काय, याचा आकडा उपलब्ध आहे. अमेरिकेत २०१८च्या कायद्याने गीतकारांचे स्ट्रीमिंगचे यांत्रिक हक्काचे, म्हणजे रचनेच्या प्रती काढण्याच्या हक्काचे, पैसे गोळा करून वाटणारी एक मध्यवर्ती संस्था निर्माण झाली. २०२१च्या फेब्रुवारीत स्ट्रीमिंग सेवांनी तिच्याकडे जुनी थकलेली रक्कम जमा केली, सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर. कोणाला द्यायची ते न जुळल्यामुळे पडून राहिलेली रक्कम. गाणी वाजली होती, पैसे कापले गेले होते, फक्त नाव लागत नव्हतं. त्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे आणि ती चाहत्यांनी ध्यानात ठेवावी. ठरावीक मुदतीपर्यंत ज्याच्यावर कुणीच हक्क सांगितला नाही असा पैसा बाजारातल्या हिश्श्याच्या प्रमाणात इतरांना वाटता येतो. ज्याचं नाव नीट लागलेलं नाही अशा लहान गीतकाराचे पैसे, ज्यांची नावं चोख लागलेली आहेत अशा मोठ्यांकडे जातात. श्रेय हा मानापमानाचा विषय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ही तरतूद दोनदा वाचावी.

साथीदार वादकांची गत याहून वाईट. कित्येक देशांत रेडिओवर मुद्रण वाजलं की गायकाबरोबर वादकांनाही त्यांच्या हक्काचा वाटा मिळतो. पण त्या दिवशी स्टुडिओत कोण होतं याची यादी संस्थेकडे असेल तरच. यादी नाही तर वाटा नाही, मग बास कितीही सुंदर वाजवलेला असो.

एक पथ्य पाळायला हवं. कव्हरं म्हणजे सत्ययुग होतं असं समजू नये. कव्हरंही खोटं बोलत. १९५६ मध्ये ओटिस ब्लॅकवेलने लिहिलेल्या ‘डोन्ट बी क्रूएल’वर एल्व्हिस प्रेस्लीचं नाव सहलेखक म्हणून लागलं. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांचा पाया ज्यांनी रचला त्या फंक ब्रदर्स या वादकांची नावं कव्हरवर नसत. मार्विन गेच्या १९७१च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर ती रीतसर छापली गेली. मार्टिन कार्थी या इंग्रज गायकाकडून बॉब डिलनने एक लोकगीत उचललं, त्याच्या चालीवर स्वतःचं गाणं रचलं, आणि १९६३च्या कव्हरवरच्या टिपणात कार्थीचं नाव आलं. पॉल सायमननेही कार्थीचीच ‘स्कारबरो फेअर’ची बांधणी घेतली, पण १९६६च्या अल्बमवर कार्थी कुठे नाही. एकच माणूस, दोन कव्हरं, दोन वागणुकी. कारण कव्हरवर काय छापायचं हा तेव्हाही रिवाज होता, नियम नव्हता. आता नियम हवा असं म्हणण्याचं हेही एक कारण आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्यात तत्त्व नाही असंही नाही. बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९२८ मध्ये कलम ६ बिस आलं. रचनेचे सगळे आर्थिक हक्क विकून टाकले तरी ‘ही माझी’ असं म्हणण्याचा कर्त्याचा हक्क शिल्लक राहतो, असं ते सांगतं. विपो या बौद्धिक संपदेच्या जागतिक संघटनेच्या १९९६च्या करारात गायक-वादकांनाही ओळख मिळण्याचा हक्क आला. पण व्यापाराच्या ट्रिप्स करारात बर्नची बाकीची कलमं घेताना नेमकं ६ बिस वगळलं गेलं. म्हणजे पैशाच्या हक्काला दात आहेत, नावाच्या हक्काला नाहीत. ब्रिटनमध्ये २०२३च्या मे महिन्यात संगीतक्षेत्रातल्या संस्थांनी स्ट्रीमिंगच्या मेटाडेटाबद्दल, म्हणजे गाण्यासोबतच्या नावं-क्रमांकांच्या नोंदींबद्दल, करार केला. चांगला आहे, पण ऐच्छिक. स्पॉटिफायने २०१८ मध्ये गीतकारांची नावं दाखवायला सुरुवात केली. तीही तेव्हा तीन टिंबांच्या मेन्यूत शिरल्यावर, आणि कंपनीने जे भरलं असेल तेवढंच. रकाना रिकामा आला तर पडद्यावरही रिकामाच.

एक विसंगती तर हास्यास्पद आहे. वितरकाकडे गाणं देताना चौकोनी चित्र लागतं, साधारण ३००० बाय ३००० पिक्सेलचं. चित्र अंधुक असेल, चौकोनी नसेल, तर गाणं परत येतं. ड्रम कुणी वाजवले हे न सांगता मात्र ते बिनदिक्कत पुढे जातं. यंत्रणेला अडवता येत नाही असं नाही, कशावर अडायचं ते तिने ठरवलंय. जागेची सबबही चालणार नाही. एलपीचं कव्हर बाजूला ३१ सेंटिमीटर, सीडीची पुस्तिका १२, कॅसेटचा कागद त्याहून चिंचोळा, तरी त्या कागदाच्या घड्या घालून लोकांनी नावं बसवली. फोनचा पडदा हवा तेवढा खाली सरकतो.

विरोधातले मुद्दे ठाऊक आहेत. पहिला, कुणी वाचत नाही. खरंय, दुकानातही शंभरातली पाचच माणसं मागची बाजू वाचत. पण उरलेल्या पंचाण्णवांना ‘हे ऐक, यात तोच गिटारवाला आहे’ असं सांगणारी तीच पाच होती, आणि त्यातला एक काउंटरमागे बसलेला असे.

दुसरा मुद्दा वजनदार आहे. गीतकारांमध्ये हिश्श्यावरून भांडणं असतात, मग नावं सक्तीने कशी छापणार? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. नाव वेगळं, टक्के वेगळे. टक्केवारी जगाला दाखवायची गरजच नाही. चौघांनी मिळून लिहिलं एवढं निर्विवाद असेल तर चार नावं आज लागावीत, त्यांची वाटणी दोन वर्षांनी ठरो. ज्याला खरं नाव द्यायचं नसेल त्याने टोपणनाव द्यावं. हक्कसंस्थांच्या आयपीआय नोंदणीत एकाच माणसाच्या वेगवेगळ्या नावांना वेगळे क्रमांक मिळतात आणि ते आतून एकत्र बांधलेले असतात, तेव्हा ती सोय तयारच आहे.

नव्या, स्वतःच्या खोलीत गाणी करणाऱ्या पोरांवर हा बोजा पडेल, असं म्हणतात. बोजा म्हणजे एक कागद. वर गाण्याचं शीर्षक आणि तारीख. खाली प्रत्येक लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, टोपणनाव, आयपीआय क्रमांक असेल तर तो, आणि हिस्सा. बेरीज बरोबर १००, ना ९९ ना १०५. त्याखाली कुणी काय वाजवलं, मुद्रण कुठे आणि कुणी केलं. सगळ्यांच्या सह्या. हे काम मुद्रणाच्याच दिवशी, चहा व्हायच्या आत उरकावं. गाणं चाललं की प्रत्येकाची स्मरणशक्ती आपापल्या फायद्याने काम करायला लागते, आणि मग तोच कागद वकिलाच्या कचेरीत वर्षभर लिहिला जातो.

जुन्या गाण्यांचं काय, हा प्रश्न मात्र सोपा नाही. लाखो मुद्रणं, फुटलेल्या कंपन्या, हरवलेल्या फायली. त्यामुळे सरसकट मुदत घालणं मूर्खपणाचं होईल. व्यवहार्य वाट अशी की नव्या गाण्याला पहिल्या दिवसापासून सक्ती असावी, आणि जुनं गाणं कंपनी जेव्हा नव्याने मास्टर करून पुन्हा विकायला काढेल तेव्हा मूळ कव्हरवरची सगळी नावं त्यासोबत भरणं बंधनकारक करावं. जुन्या मालावर नवा पैसा करायचा असेल तर जुना मजकूरही टंकावा. तो शोधायला फार लांब जावं लागत नाही. २०००मध्ये सुरू झालेल्या डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर जगभरच्या हौशी मंडळींनी कव्हरं, लेबलं, अगदी तबकडीवर ओरखडलेली अक्षरंही फुकट टंकून ठेवली आहेत. चूक आढळली तर दुरुस्ती सुचवायची सोय हवी आणि दुरुस्ती कधी झाली त्याची तारीख दिसायला हवी. निनावी खाडाखोड नको.

चुकीची नावं किती दूर नेऊन सोडतात याचा दाखला रॉड्रिगेझ. डेट्रॉइटच्या या गायकाचा पहिला अल्बम १९७०चा. अमेरिकेत आपटला आणि दक्षिण आफ्रिकेत घराघरात पोहोचला. लेबलवर गीतकार म्हणून कुठे ‘जीझस रॉड्रिगेझ’, कुठे ‘सिक्स्थ प्रिन्स’. तिथल्या चाहत्यांना माणूस कोण तेच कळेना, तो मेल्याच्या अफवाही पक्क्या झालेल्या. शेवटी दोन चाहत्यांनी त्याच्या गाण्यातल्या डिअरबॉर्न या गावाच्या उल्लेखावरून माग काढला आणि १९९७ मध्ये तो जिवंत सापडला. पुढच्या वर्षी त्याने तिथे भरगच्च मैफली केल्या. कव्हरवर नाव धड असतं तर गाण्याच्या ओळीतून पत्ता शोधायची वेळ आली नसती.

कायदा होईल तेव्हा होईल. ज्यांच्याकडे जुन्या तबकड्या आहेत त्यांना तोवर करण्यासारखं काम आहे, डिस्कॉग्जसारख्या ठिकाणी त्यांची नीट नोंद करण्याचं. तबकडी कडेने धरा, बोटं खाचांना लागू देऊ नका. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर दिव्याचा उजेड तिरका पडेल अशी कलती करा. तिथे ठोकलेला किंवा हाताने ओरखडलेला क्रमांक दिसेल आणि शेवटी बाजूचं अक्षर. शेजारी कधी आद्याक्षरं असतात. ‘आरएल’ म्हणजे रॉबर्ट लडविग, ‘पोर्की’ म्हणजे जॉर्ज पेकम. हे मूळ लॅकरवर, म्हणजे ज्यावरून छपाईचे साचे बनतात त्या पहिल्या तबकडीवर, खाच कोरणारे कारागीर, आणि त्यांची सही नुसती हौस नसते. मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांच्या तबकडीत बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्या कमी जागेत तोच आवाज कोंबायचा, म्हणून बाजूच्या शेवटाला ‘स’ आणि झांजा फाटू लागतात. ती अडचण कुणी किती सफाईने सोडवली यावर एकाच अल्बमच्या दोन छपायांचा आवाज बदलतो.

क्रमांक जसाच्या तसा उतरवा, खोडलेली अक्षरं धरून. तो कव्हरच्या कण्यावरच्या क्रमांकाशी ताडून बघा, कारण जुन्या बाजारात तबकडी एका छपाईची आणि कव्हर दुसऱ्या हे सर्रास चालतं, आणि अशा जोडीवरून केलेली नोंद पुढच्या दहा जणांना फसवते. मग आतलं पाकीट बघा. गाण्यांचे शब्द आणि वादकांची नावं पुष्कळदा त्याच्यावरच छापलेली असत. ते फाटलं म्हणून कुणी फेकून दिलं असेल आणि आत साधा पांढरा कागद असेल, तर त्या प्रतीवरून वादकांचे रकाने भरू नका. मूळ पाकीट असलेली दुसरी प्रत गाठा.